गालगुंड जातं कुठे आणि परत येतं कसं?

गालगुंडाची साथ आली की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. 'हे तर लहान मुलांचं दुखणं, मग कॉलेजातल्या पोरांना कसं काय झालं?' हा पहिला. 'लस तर दिली होती, मग तिचा उपयोग काय?' हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं सुजलेल्या गालाकडे बघून मिळत नाहीत. त्यासाठी आजाऱ्याच्या भोवतालची माणसं बघावी लागतात. त्यांच्यापैकी कोणाला पूर्वी गालगुंड होऊन गेलंय, कोणी लस घेतलीय आणि ती किती वर्षांपूर्वी, कोण कोणाच्या किती जवळ आणि किती वेळ बसतं, हे सगळं विचारावं लागतं.

सुरुवात विषाणूच्या अडचणीपासून करू, कारण त्याची बाजू तशी लंगडी आहे. गालगुंडाचा विषाणू निसर्गात फक्त माणसात राहतो. रेबीज कुत्र्यांत, वटवाघळांत टिकून राहतो, फ्लूचे काही प्रकार पक्ष्यांत मुक्काम करतात, तशी सोय याला नाही. कॉलऱ्याच्या जंतूसारखा तो पाण्यात तग धरत नाही. कांजिण्यांचा विषाणू आजार बरा झाल्यावरही मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि चाळीस-पन्नास वर्षांनी नागीण होऊन उगवतो, पण गालगुंडाचा विषाणू बरा झालेल्या माणसात असा लपून राहत नाही. वर्षानुवर्षं जंतू बाळगणारे वाहक टायफॉइडमध्ये असतात, इथे तेही नाहीत. माणसाच्या शरीरात त्याला जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. तेवढ्यात दुसरा माणूस गाठला तर ठीक, नाहीतर ती साखळी तिथेच संपली.

एवढं असूनही हा आजार फार जुना आहे. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसने थासोस बेटावरच्या एका साथीचं वर्णन करून ठेवलंय. कानांजवळ सूज, कोणाला एका बाजूला, पुष्कळांना दोन्ही बाजूंना. अंथरुणाला खिळवणारा ताप नाही, माणसं हिंडतीफिरती. काहींच्या अंडकोषांना पुढे दुखरी सूज. गालगुंडच हे, ओळखायला अडचण पडत नाही. त्याने आणखी एक गोष्ट टिपली आहे, आणि मला ती या सगळ्यांत मोलाची वाटते. आजारी पडणाऱ्यांत कुस्तीच्या आखाड्यांत आणि व्यायामशाळांत जाणारे तरुण जास्त होते, बायका क्वचितच. विषाणू म्हणजे काय हे कोणाला माहीत नसतानाच्या काळातलं हे निरीक्षण आहे. जिथे तरुण माणसं अंगाला अंग लावून तासन् तास एकत्र असतात तिथे गालगुंड फोफावतं, ही गोष्ट आपण गेल्या वीस वर्षांत नव्याने शिकल्यासारखी शिकलो आहोत.

आता हा विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा ते नीट बघू. समजा, एका विद्यार्थ्याला महिन्याच्या एक तारखेला लागण झाली. पुढचे दोन आठवडे तो ठणठणीत दिसतो. आत मात्र विषाणू घशात आणि जवळच्या लसीका ग्रंथींमध्ये वाढतो, रक्तात उतरतो आणि रक्तातून लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो. पंधरा-सोळा तारखेला अंग मोडून येतं, भूक मंदावते, थोडी कणकण वाटते. झोप झाली नसेल, असं म्हणून तो वर्गात जाऊन बसतो. अठरा तारखेला सकाळी कानाखाली ठणका लागतो, आंबट काही तोंडात घातलं की कळ जाते. संध्याकाळपर्यंत जबड्याचा कोपरा सुजेखाली दिसेनासा होतो आणि कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते. आता कुठे त्याला आणि इतरांना कळतं की हे गालगुंड आहे.

पण याच्या दोन दिवस आधीपासून, म्हणजे सोळा तारखेपासून, तो इतरांना लागण देऊ लागलेला होता. लाळेत तर विषाणू सूज येण्याच्या आठवडाभर आधीही सापडू शकतो. खोकताना-शिंकताना उडणारे थेंब, जवळून बोलताना उडणारे बारीक तुषार, एकाच बाटलीतून प्यायलेलं पाणी, चुंबन, हे सगळे त्याचे रस्ते. गाल सुजल्यानंतर पाच दिवस वेगळं राहावं, असा आरोग्य खात्यांचा नियम असतो आणि तो योग्यच आहे. या पाच दिवसांत पसरणारा भाग त्याने थांबतो. सोळा आणि सतरा तारखेला जे व्हायचं ते मात्र होऊन गेलेलं असतं.

शिवाय काही जणांचा गाल सुजतच नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण चार-पाच जणांत एकाला काहीच लक्षणं येत नाहीत, आणि आणखी काहींना नुसती सर्दी-खोकल्यासारखी कुरकुर होते. अशी माणसं कोणाच्या नोंदीत येत नाहीत, कोणी त्यांना घरी बसा म्हणत नाही. कधी कधी 'या रुग्णाचा दुसऱ्या कोणत्याच रुग्णाशी संबंध सापडत नाही' असं साथीच्या तपासात लिहिलेलं असतं. तो रुग्ण आणि इतर रुग्ण यांच्यामध्ये अशी एखादी न दिसणारी कडी असण्याची शक्यता बरीच असते.

तिसरी बाब म्हणजे संथपणा. फ्लूमध्ये एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत दोन-तीन दिवस लागतात. गालगुंडात लागण आणि सूज यांच्यात सहसा १६ ते १८ दिवस जातात, कधी १२, कधी २५. म्हणजे वर्षभरात साखळीच्या अठरा-वीसच कड्या होतात. वरवर पाहता ही विषाणूची कमजोरी वाटेल, पण टिकून राहण्यासाठी हाच संथपणा त्याच्या पथ्यावर पडतो. झपाट्याने पसरणारा रोग गावातली लागण होण्याजोगी माणसं लवकर संपवतो आणि स्वतःही संपतो. गालगुंड रेंगाळतं. तीन आठवडे एकही नवा रुग्ण नाही म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि चौथ्या आठवड्यात दोघांचे गाल सुजलेले असतात. म्हणूनच साथ संपली असं म्हणण्याआधी शेवटच्या रुग्णापासून ५० दिवस, म्हणजे सर्वांत लांब अधिशयन काळाच्या (लागण ते सूज यांतल्या काळाच्या) दुप्पट, वाट बघण्याची पद्धत आहे. वाट बघणाऱ्याला हे ५० दिवस फार जड जातात, पण त्याहून कमीत भागत नाही.

समाजाचा जमाखर्च

आता एका माणसाकडून पूर्ण लोकसंख्येकडे जाऊ. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गालगुंडाचा एक रुग्ण सरासरी चार ते सात जणांना लागण देतो असा अंदाज नेहमी दिला जातो. काही अभ्यासांत हा आकडा दहाच्याही वर गेलाय. तुलनेला, गोवराचा रुग्ण बारा ते अठरा जणांना देतो.

लसीच्या आधीच्या जगात याचा हिशेब साधा जमाखर्चाचा होता. दर वर्षी नवी मुलं जन्माला येत. आईकडून आलेलं संरक्षण पहिल्या वर्षात ओसरलं की ती लागण होण्याजोग्यांच्या खात्यात जमा होत. साथ आली की ते खातं खर्ची पडे, कारण एकदा गालगुंड होऊन गेलेल्याला बहुधा जन्मभर संरक्षण मिळतं. शिल्लक कमी झाली की विषाणूला नवी माणसं मिळेनाशी होत आणि साथ विरे. मग पुन्हा जमा सुरू. दोन ते पाच वर्षांनी शिल्लक पुरेशी साठली की पुढची साथ, बहुतेक हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंतात. पाच ते नऊ वर्षांची मुलं सर्वांत जास्त सापडत, कारण शाळा म्हणजे नव्याने जमा झालेल्या सगळ्यांना एका खोलीत बसवण्याची व्यवस्था. लहान मुलांचं दुखणं हा शिक्का तिथून बसला. विषाणूला वयाशी देणंघेणं नाही. त्याच्या वाट्याला मुलंच शिल्लक राहत होती, एवढंच.

याचा पुरावा बेटांवर मिळतो. बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स या छोट्या बेटावर १९५७च्या सुमारास गालगुंड पोहोचलं, तेव्हा तिथे कोणालाही आधीची प्रतिकारशक्ती नव्हती. लहान-मोठे सगळ्याच वयाचे लोक आजारी पडले, आणि तीन माणसांमागे जवळपास दोघांना लक्षणांसह आजार झाला. अशी साथ येते, सगळं खातं एका फटक्यात रिकामं करते आणि नंतर विषाणूलाच तिथे जागा उरत नाही, कारण छोट्या वस्तीत पुरेशा वेगाने मुलं जन्माला येत नाहीत. मोठ्या शहरात मात्र कुठल्या ना कुठल्या वस्तीत साखळी चालू राहते. गोवराच्या बाबतीत अभ्यासकांनी अशी किमान लोकसंख्या अडीच ते पाच लाख काढली आहे. रोग कायम राहण्यासाठी माणसांची एक किमान गर्दी लागते हे तत्त्व गालगुंडालाही लागू आहे.

सैन्याची गोष्ट याच्याच पोटात येते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना इस्पितळात दाखल व्हायला लावणाऱ्या आजारांत इन्फ्लुएन्झा आणि परमा (गोनोरिया) यांच्यानंतर गालगुंडाचा क्रमांक होता. दूरदूरच्या खेड्यांतून आलेल्या, लहानपणी हा विषाणू कधी न भेटलेल्या तरुणांना बराकींत दाटीवाटीने ठेवलं तर दुसरं काय होणार! आणि तरुणपणी हा आजार लहानपणाइतका सौम्य राहत नाही. वयात आलेल्या, लस न घेतलेल्या पुरुषांत १५ ते ३० टक्के जणांना अंडकोषाची सूज येते. कायमचं वंध्यत्व क्वचितच येतं, पण त्या दुखण्याला क्षुल्लक म्हणणारा माणूस भेटायचा आहे. मेंदूच्या आवरणाला सूज येणं आणि क्वचित बहिरेपण हेही या आजारात होतं.

लस आली, आणि मग

१९६३ साली अमेरिकेत मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाच्या मुलीला गालगुंड झालं. त्याने तिच्या घशातून नमुना घेतला, त्यातला विषाणू प्रयोगशाळेत वाढवत वाढवत दुबळा केला आणि १९६७ साली त्या वाणाच्या लसीला परवानगी मिळाली. वाणाला मुलीचंच नाव आहे, जेरिल लिन. १९७१ साली गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित एमएमआर लस आली. अमेरिकेत १९६८ साली दीड लाखावर रुग्णांची नोंद झाली होती. या शतकाच्या सुरुवातीला हा आकडा वर्षाला काहीशेवर आला. फिनलंडने १९८२ पासून दोन डोसांचा कार्यक्रम नेटाने राबवला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातल्या देशात पसरणारं गालगुंड बंद पाडलं. जपानने उलटी वाट धरली. तिथल्या एमएमआरमधल्या गालगुंडाच्या वाणामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाला सूज आल्याने १९९३ साली ती लस मागे घेतली गेली, गालगुंडाची लस ऐच्छिक झाली, आणि तिथे दर चार-पाच वर्षांनी मोठ्या साथी येत राहिल्या.

इथवर सगळं समजण्यासारखं आहे. गुंता पुढे आहे, आणि तो ब्रिटनमध्ये फार स्वच्छ दिसतो.

ब्रिटनमध्ये १९८८ साली एमएमआर सुरू झाली, ती तान्ह्या आणि शाळेत न गेलेल्या मुलांसाठी. त्या वेळी सहा-सात वर्षांची असलेली मुलं तिच्या वयोगटातून निसटली. त्यांना गालगुंड नैसर्गिकरीत्या होऊन जाण्याची शक्यता होती, पण धाकट्या भावंडांना लस मिळाल्यामुळे विषाणूचा वावर एकदम कमी झाला आणि ती शक्यताही मावळली. १९९४ साली गोवराच्या साथीच्या भीतीने देशभरातल्या ५ ते १६ वर्षांच्या मुलांना एक डोस देण्यात आला, पण त्या लसीत गोवर आणि रुबेला एवढेच होते. तिहेरी लसीचा तेवढा पुरवठा नव्हता. झालं! गालगुंडाचा आजारही नाही आणि लसही नाही, अशी एक पूर्ण पिढी खात्यात जमा होत गेली. जमा दिसत नव्हती, कारण ही मुलं वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या घरांत विखुरलेली होती. २००४ च्या आसपास ती विद्यापीठांत एकत्र आली. २००५ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये गालगुंडाचे ४३ हजारांवर खात्रीशीर रुग्ण नोंदले गेले, त्यातले बहुसंख्य ऐंशीच्या दशकात जन्मलेले.

या साथीचं खापर पुष्कळदा एमएमआर आणि ऑटिझमचा खोटा संबंध जोडणाऱ्या १९९८ च्या लेखावर फोडलं जातं. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, आणि त्याने केलेलं नुकसान खरंच आहे. पण २००५ चे रुग्ण त्या लेखाच्या दहा-पंधरा वर्षं आधी जन्मलेले होते. त्या लेखाच्या काळातली बाळं मोठी होऊन विद्यापीठात पोहोचली ती २०१५ नंतर, आणि २०१९ साली इंग्लंडमध्ये पुन्हा ५,०४२ रुग्ण नोंदले गेले. गालगुंडाच्या साथीत आजचे रुग्ण मोजताना वीस वर्षांपूर्वीचं लसीकरणाचं रजिस्टर उघडावं लागतं.

यातून एक अप्रिय निष्कर्ष निघतो, आणि तो जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणातही उतरलाय. अर्धवट लसीकरण धोक्याचं ठरू शकतं. निम्म्या मुलांना लस दिली तर विषाणूचा वावर कमी होतो पण थांबत नाही. लस न मिळालेल्या निम्म्यांना तो सहा वर्षांच्या वयाऐवजी अठराव्या-विसाव्या वर्षी गाठतो, म्हणजे नेमका गुंतागुंत जास्त होणाऱ्या वयात. म्हणून नियमित लसीकरण ८० टक्क्यांवर टिकवता येत असेल तरच गालगुंडाची लस कार्यक्रमात घ्यावी, असा संघटनेचा सल्ला आहे.

दोन डोस घेऊनही

ब्रिटनच्या विद्यार्थ्यांना लसच मिळाली नव्हती. अमेरिकेतली गोष्ट जास्त चक्रावणारी आहे. २००६ साली आयोवा आणि आसपासच्या राज्यांत साथ आली, वर्षभरात देशात ६,५८४ रुग्ण झाले, आणि त्यांत दोन्ही डोस घेतलेले कॉलेज विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. इथे 'लस फेल' असा मथळा छापून मोकळं होणं सोपं आहे. जरा गणित करू.

समजा, एका वसतिगृहात १,००० विद्यार्थी आहेत. ९५० जणांनी दोन डोस घेतलेत, ५० जणांनी एकही नाही. साथीत लस न घेतलेल्यांपैकी ४० टक्के आजारी पडले, म्हणजे २०. दोन डोसांनी आजाराचा धोका साधारण ८८ टक्क्यांनी कमी होतो असं धरा. तर लस घेतलेल्यांतले ५ टक्क्यांहून किंचित कमी, म्हणजे ४६ जण, आजारी पडतील. एकूण ६६ रुग्णांत ४६ लस घेतलेले. आकडा बघून धक्का बसतो, पण लस नसती तर त्याच ९५० जणांतले ३८० आजारी पडले असते. जवळपास सगळ्यांनीच लस घेतलेली असते तिथे रुग्णांतही तेच जास्त दिसणार, हे उघड आहे.

तरीही प्रश्न उरतोच. इतक्या लसीकरणानंतर साथ मुळात सुरू का व्हावी? एक रुग्ण चौघांना लागण देत असेल तर साखळी तोडायला ७५ टक्के लोक सुरक्षित हवेत. सात जणांना देत असेल तर सुमारे ८६ टक्के. दोन डोसांची लस ८८ टक्के गुणकारी धरली आणि ९५ टक्के लोकांनी ती घेतली, तर प्रत्यक्षात सुरक्षित झाले सुमारे ८४ टक्के. म्हणजे आपण काठावरच उभे आहोत. आता वसतिगृह डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत चौघं, एकच जेवणाची खोली, रात्री उशिरापर्यंत गप्पा, पार्ट्या, हातोहात फिरणारे पेले. अशा ठिकाणी एक रुग्ण चार-सात नव्हे, दहा जणांनाही देऊ शकेल. दहाला थोपवायला ९० टक्के लोक सुरक्षित लागतात, आणि ८८ टक्के गुणकारी लस शंभरच्या शंभर जणांनी घेतली तरी तिथवर पोहोचता येत नाही. देशाच्या सरासरीत विषाणू हरलेला असतो, तरी एखाद्या इमारतीत तो जिंकू शकतो. माझ्या मते गालगुंडाच्या आजच्या टिकून राहण्याचं मर्म याच विसंगतीत आहे.

न्यूयॉर्कमधल्या २००९-१० च्या साथीत हे जवळून पाहायला मिळालं. ब्रिटनहून परतलेला ११ वर्षांचा एक मुलगा उन्हाळी शिबिरात आजारी पडला आणि तिथून विषाणू सनातनी ज्यू समाजात पोहोचला. पुढच्या वर्षभरात साडेतीन हजार रुग्ण झाले. १३ ते १७ वर्षांच्या रुग्णांपैकी ज्यांच्या लसीची नोंद होती, त्यांतल्या ८९ टक्क्यांनी दोन्ही डोस घेतलेले होते, आणि या वयोगटात मुलग्यांचं प्रमाण ७८ टक्के होतं. मुलगेच का? उत्तर त्यांच्या धार्मिक शाळांतल्या अभ्यासाच्या पद्धतीत मिळालं. तिथे विद्यार्थी जोडीने अभ्यास करतात: अरुंद टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून, धर्मग्रंथातल्या एकेका वाक्यावर जोरजोरात वाद घालत, दिवसातले कित्येक तास, आणि जोडीदारही बदलत राहतात. त्याच भागांत राहणाऱ्या इतर समाजांत साथ जवळपास पसरलीच नाही. विषाणू तोच आणि लसही तीच. टेबलावरून समोरच्याच्या तोंडापर्यंत पोहोचणाऱ्या विषाणूची मात्रा एवढी आणि इतका वेळ होती, की साध्या संपर्कात पुरून उरणारी प्रतिकारशक्ती तिथे अपुरी पडली.

याला लसीच्या वयाची जोड आहे. जोसेफ लिऊनार्ड आणि योनातन ग्रॅड या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अनेक जुन्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून अंदाज मांडला, की गालगुंडाच्या लसीचं संरक्षण सरासरी २७ वर्षं टिकतं. सरासरी हा शब्द फसवा असतो. त्याच हिशेबाने लस घेतलेल्यांपैकी पाव जणांचं संरक्षण आठेक वर्षांतच सरतं आणि निम्म्यांचं १९ वर्षांत. शेवटचा डोस पाचव्या-सहाव्या वर्षी मिळालेला मुलगा वसतिगृहात राहायला जातो तेव्हा त्याला बारा-तेरा वर्षं झालेली असतात. नैसर्गिक आजार सर्रास असतानाच्या काळात लोकांची विषाणूशी अधूनमधून गाठ पडे आणि प्रतिकारशक्तीला उजाळा मिळे. लसीने रोग कमी केला, तसा हा फुकटचा उजाळाही गेला.

दुसरा एक तर्क असा, की विषाणूच बदललाय. जेरिल लिन हा वाण 'ए' जनुकीय गटातला, आणि अमेरिका-युरोपातल्या अलीकडच्या साथी 'जी' गटाच्या. लसीने तयार झालेली प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी रक्तातली प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडीज) 'जी'वरही काम करतात, फक्त त्यांचा जोर थोडा कमी दिसतो. पण नवा गट लसीला चकवा देत असता, तर लस नुकतीच घेतलेली पाच-सहा वर्षांची मुलंही तितकीच आजारी पडायला हवी होती. साथींत सापडतात ते बहुतेक अठरा ते बावीस वर्षांचे. म्हणून संरक्षण ओसरणं हे कारण मला जास्त पटतं, दुसऱ्याचा थोडाफार हातभार असला तरी.

न दिसणाऱ्या कड्यांचा उल्लेख वर आला आहे. त्या आता काही प्रमाणात दिसू लागल्या आहेत. या विषाणूचा जनुकीय मजकूर जेमतेम १५ हजार अक्षरांचा. एकातून दुसऱ्यात जाताना त्यात अधूनमधून एखादं अक्षर बदलतं. मॅसॅच्युसेट्समध्ये एरवी वर्षाला दहाही रुग्ण नसतात, तिथे २०१६ साली अडीचशेवर झाले, अनेक कॉलेजांत पसरलेले. रुग्णांच्या नमुन्यांतला हा मजकूर ताडून पाहिल्यावर, चौकशीत वेगवेगळ्या वाटलेल्या काही साथी एकमेकींशी जोडलेल्या निघाल्या, आणि एकाच कॉलेजात एक समजलेली साथ म्हणजे बाहेरून निरनिराळ्या वेळी आलेल्या दोन-तीन साखळ्या होत्या. 'तू कोणाला भेटला होतास?' या प्रश्नाला रुग्णाने दिलेलं उत्तर प्रामाणिक असतं, पण अपुरं असतं.

मग कोविड आला. मार्च २०२० नंतर वसतिगृहं रिकामी झाली, वर्ग पडद्यावर गेले आणि ब्रिटन-अमेरिकेत गालगुंडाचे रुग्ण काही महिन्यांत कोसळले. ठरवून करता येणार नाही असा हा प्रयोग होता. लस बदलली नव्हती, बसण्यातलं अंतर तेवढं बदललं होतं.

साथ सुरू झाल्यावर काय करता येतं, याचं उत्तर सध्या तिसरा डोस हे आहे. आयोवा विद्यापीठात २०१५-१६ च्या साथीत हजारो विद्यार्थ्यांना तो दिला गेला. दोन डोस घेतलेल्यांत हजारी १४.५ जण आजारी पडले, तर तिसरा घेतलेल्यांत ६.७. त्यानंतर २०१८ पासून अमेरिकेत साथीच्या तडाख्यात असलेल्या गटांना तिसरा डोस देण्याची शिफारस झाली, सरसकट सगळ्यांना नाही. याचं कारण असं, की तिसऱ्या डोसाने वाढलेली प्रतिपिंडं वर्षभरात पुन्हा मूळ पातळीजवळ येतात. साथीचे काही महिने तरून नेण्यापुरता तो उपयोगी, जन्मभराची तजवीज म्हणून नाही. तोही वेळेवर द्यावा लागतो. प्रतिकारशक्ती जागी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर एक पूर्ण कडी पुढे सरकलेली असते. म्हणून डोस कधी द्यायचा हा निर्णय पाच-दहा रुग्ण दिसत असतानाच, म्हणजे साथ आहे की नाही याबद्दल लोक अजून वाद घालत असतानाच, घ्यावा लागतो.